पाझवाड्याच्या तळीचं पाणी

पुणे,
२० सप्टेंबर १९८८

वहिनी,

इथूनच वाकून नमस्कार करतो आहे, पाय मागे घेऊ नका. चवथीला आलो नाही म्हणून तुम्ही रागावला असणार. तुमचा राग परवडतो, तो चार ओळींत संपतो. दादा रागावत नाही, नुसता गप्प बसतो, ते जास्त लागतं.

आता कामाचं. मी शिकवतो त्या वास्तुकलेच्या कॉलेजात मुंबईच्या एका न्यासाचं पत्र आलंय. मास्तरांनी मुलांना घेऊन एखादी जुनी वास्तू मोजायची, तिचे नकाशे काढायचे, आणि मग मुलांच्याच हातांनी तिची डागडुजी करायची. त्याला हा न्यास अनुदान देतो. आमचे बाकीचे मास्तर लोक किल्ल्यांच्या मागे लागलेत. मी मात्र आपल्या तळीचं नाव दिलं. हसू नका. चिऱ्याच्या चार बाजू, दिव्यांचे कोनाडे आणि तळातून उमलणारे झरे, ह्यापेक्षा मुलांना शिकवण्यासारखं मला दुसरं काही सुचेना.

त्यांची अट एकच आहे. वास्तू वापरातली पाहिजे. नुसते दगड उरले असतील तर ते पैसे देत नाहीत. म्हटलं, ह्या अटीत तर आपण आरामात बसतो. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला निखाऱ्यांवरून चालायला जाणारे आपल्या वाड्यावरचे धोंड आधी तळीतच न्हातात. दादा ओल्या पंचाने, हातात देवीचा बेत, ती वेताची काठी, घेऊन पायऱ्या चढून वर यायचा, तो मला अजून दिसतो. मी लहान होतो, मला वाटायचं हा पाण्यातूनच जन्मला. अर्जात मी हेच लिहिणार आहे.

गेल्या चार वर्षांत माझं येणं झालं ते एकेका रात्रीपुरतं, तळीवर गेलोच नाही. तुम्ही मला ती लिहून पाठवा. पाणी कसं असतं, कोण येतं, काय दिसतं, सगळं. तुमच्यासारखं मला लिहिता येत नाही.

तुमचा,
कृष्णनाथ

*

पाझवाडा, सुर्ल्याच्या वाटेवर,
घटस्थापनेआधीचा रविवार

भावजी,

आशीर्वाद. रागावले होते, आता नाही. तुमच्या वाटणीच्या नेवऱ्या मी रोज एक अशा खाऊन संपवल्या आणि प्रत्येक नेवरीबरोबर तुम्हाला एक शिवी दिली. फिट्टंफाट झाली.

तळीचं विचारलंत. तुमचं पत्र घेऊन मी जनेलात बाहेर बघत बसले. मी लग्न होऊन तुयेहून आले तेव्हा मला वाटलं होतं, नदीकाठची मुलगी डोंगरात दिली, आता पाणी कुठलं दिसायला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तळीवर नेलं. म्हणाल्या, पाय धू. मी पाय घातला तर खालून पाणी बुडबुड करत पायाला लागलं. मी ओरडलेच. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, पाझ आहे तो, नव्या सुनेला ओळखतो.

पहाटे पाणी काळं असतं. मग देवळाची दीपमाळ त्यात उलटी उगवते, आधी पाय आणि मग डोकं. ऊन वर आलं की पाणी हिरवं होतं आणि तळाचा दगडन् दगड दिसतो. ईशान्येच्या कोपऱ्यातला पाझ दिवसभर काहीतरी पुटपुटत असतो. मी खालच्या पायरीवर बसते. एक कासव येतं, मान वर काढतं, मला बघतं आणि काही न विचारता जातं. मोगरीचे कळे कुणाच्या तरी परडीतून सांडतात आणि गोल गोल फिरत राहतात. मला उठावंसं वाटत नाही. अशी असते तळी.

हे बरे आहेत. मायनीर, खाणीवर, अजून पंपावरच आहेत. खंदक जसा खोल जातो तसं पाणी चढतं, ते उपसून बाहेर टाकायचं. घरी आले तरी कानात पंप चालू असतो म्हणतात. त्यांचा बेत माळ्यावर आहे. मी पुसून ठेवते.

चंद्रावती

*

पुणे,
५ डिसेंबर १९८८

वहिनी,

अनुदान मिळालं! तुमचं कासव अर्जासकट मुंबईला जाऊन आलं. मी तुमचं पत्र तळीपुरतं उतरून जोडलं होतं. न्यासाच्या एका गृहस्थांनी फोनवर मला सांगितलं की नकाशे आम्ही बघतोच, पण ते खालच्या पायरीवर बसलेलं माणूस आम्हाला भेटायचंय. मी म्हटलं, ती माझी वहिनी आहे, जपून भेटा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी मुलांना घेऊन येतो. हे गृहस्थ पहिल्या दिवशी येऊन तळी पाहून जातील, मग आम्ही मोजमापाला लागू. मुलं देवळाच्या अग्रशाळेत झोपतील. जेवणाचं तुम्ही अंगावर घेणार आणि मी नको म्हणणार, तेव्हा तो वाद झाला असं समजू.

दादाला सांगा, यंदा जत्रेला मी नक्की येणार. तो तळीतून वर येताना मला बघायचाय. मुलांनाही दाखवायचाय.

कृष्णनाथ

*

पाझवाडा,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

भावजी,

घाई कसली? जानेवारीच्या सुरुवातीला नको. वाटेवर धूळ फार आहे, मुलांना सोसणार नाही. शिवाय घराला रंग द्यायचाय. शिवाय माझी कंबर धरलीय. तुम्ही म्हणाल वहिनी तीन कारणं देते म्हणजे खरं एकही नाही. असू दे. शेवटच्या आठवड्यात या.

सगळ्या वाड्याला कळलंय. मुंबईचे लोक आपली तळी बघायला येतात म्हटल्यावर बायकांनी पायऱ्यांमधलं गवत उपटलं, कोनाडे सारवले. धाकूसुद्धा हात लावतोय. धाकू म्हणजे दोडामार्गचा, खाणीच्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी शिंपडतो तो. माझ्याकडे चहाला येतो आणि मला बाय म्हणतो. मी त्याला सांगितलं, बायची अब्रू तुझ्या हातात आहे. तो म्हणाला, "कायेक काळजी करू नको बाय, तुज्या दिराक काय कमी पडाचा नाय."

तळी कशी आहे असं ह्या वेळी तुम्ही विचारलं नाहीत. बरं केलंत. येऊन बघा.

चंद्रावती

*

पुणे,
८ फेब्रुवारी १९८९

वहिनी,

सुखरूप पोचलो. मुलं अजून तुमच्या सोलकढीबद्दल बोलतात. पण माझं मन तिथेच अडकलंय, आणि जे तिथे विचारायचं धाडस झालं नाही ते लिहून विचारतो.

पहिल्या दिवशी तळी वरच्या पायऱ्यांपर्यंत भरलेली होती. पाणी लालसर होतं. मला वाटलं वरच्या बांधाची माती उतरली असेल. गृहस्थ खूश झाले, हात बुडवून पाहिला, रुमालाला पुसला, रुमाल लाल झाला तरी खूशच. ते गेले आणि आम्ही टेप घेऊन बसलो. दुसऱ्या सकाळी पाणी खाली गेलं होतं. तिसऱ्या सकाळी आणखी. कारवारची कमलाक्षी, ती दोन वेण्यांची, रोज उठून पाणी होतं तिथे खडूने रेघ ओढायची. तिने तळीचा जो छेद काढलाय त्यात त्या सगळ्या रेघा आहेत, एकीखाली एक, पहिलीतल्या मुलाच्या वहीसारख्या. निघायच्या दिवशी तळाला चिखल होता आणि कोपऱ्यातला पाझ गप्प होता. तुमचं कासव कुठे दिसलं नाही.

मी दादाला विचारलं, तळाला भेग गेलीय का रे? तो म्हणाला, "तूंच पळय," आणि कामावर निघून गेला. जत्रेचं विचारलं तर म्हणाला, "पळोवया." इतकी वर्षं धोंड असलेला माणूस जत्रेला पळोवया, बघूया, म्हणतो? मी रात्रभर ओसरीवर पडून त्याचं घोरणं ऐकत होतो, आणि तो घोरत नव्हता.

तर मी ठरवलंय. तळाला नक्कीच भेग आहे. न्यासाचे डागडुजीचे पैसे येतील त्यात सगळ्यात आधी तळावर सिमेंटचा जाड थर घालून घेतो. जत्रेआधी काम उरकेल. मग पावसात एकदा भरली की पाणी कुठे जाणार नाही. दादाला सांगा, त्याची आंघोळ पक्की.

कृष्णनाथ

*

पाझवाडा,
महाशिवरात्रीआधीचा आठवडा

भावजी,

सिमेंट घालू नका. तुमच्या पाया पडते, घालू नका. पाझाच्या तोंडावर सिमेंट बसलं तर तो परत कधीच येणार नाही.

भेगबिग काही नाही. तळी दोन वर्षं कोरडी आहे. खंदक तळीच्या तळापेक्षा खोल गेला आणि पाझ तिकडे वळले. तुम्ही पाहिलंत ते पाणी धाकूने टँकरने आणून ओतलं होतं. मी सांगितलं, आणि मी एकटीने नाही, सगळ्या वाड्याने सांगितलं. घरी पाहुणा यायचा आणि आपण देवीची तळी त्याला उघडी दाखवायची, हे कुणालाच सोसेना. पाहुण्यासमोर रिकामं ताट मांडल्यासारखंच ते. तुमचे गृहस्थ एक दिवस पाहून जाणार होते. तुम्ही इतके दिवस राहून रोज सकाळी रेघा ओढाल हे कुणाच्या डोक्यात होतं!

टँकर भरत होता तिथल्या खंदकातला पंप कोण चालवतो ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून मी तुम्हाला कळवलं नाही. वाड्यावर ह्यांना कोणी तोंडावर काही बोलत नाही, पण तळीवरून जाताना माणसं बोलणं थांबवतात. हे तिकडून जायचे बंद झाले. देवळात जायचे बंद झाले. दोन वर्षं बेत माळ्यावर आहे. मी एकदा खाली काढून समोर ठेवला तर म्हणाले, "जिचें उदक हांवें उपसलें, तिचो बेत हांव कसो धरूं?" आणि उठून बाहेर गेले. वाटलं, तुम्हीही विचारलंत तर ह्यांना जगात तोंड वळवायला बाजू राहणार नाही. तुमच्यावर ह्यांचा जीव आहे. तुम्ही त्यांना पाण्यातून वर येताना बघता, तेवढं तरी राहू दे म्हटलं.

आणि मी लिहिलं ते खोटं म्हणू नका. ते मला दिसतं. पहाटे मी खरंच पायरीवर असते, कासव येतं, मोगरी फिरते. मग पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजतो आणि मी अंथरुणात असते, पाय कोरडे. कित्येक दिवस मी आधी पाय चाचपून बघते.

टँकर ओतत होते तेव्हा हे कामाची पाळी संपवून आले. मला वाटलं आता ओरडतील. टँकरच्या नळीतून पडणारं पाणी बघत उभे राहिले. म्हणाले, "हें तिचेंच उदक." बस, एवढंच. ते पाणी खाली जात होतं त्या सगळ्या सकाळी मी ह्यांच्या डोळ्यांकडे बघितलेलं नाही.

आता काय करायचं ते करा. अनुदान गेलं तर माझ्यामुळे गेलं. पण सिमेंट नको.

चंद्रावती

*

पुणे,
१४ मार्च १९८९

वहिनी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मला फार राग आला. तुमचा आला, धाकूचा आला, त्या गृहस्थांच्या रुमालाचासुद्धा आला. मग माझाच आला. चार वर्षं एकेका रात्रीपुरता येणारा मी, दारापासून चार पावलांवरच्या तळीवर एकदा जाऊन आलो नाही, आणि अर्जात तिला जिवंत म्हणून बसलो.

न्यासाला खरं कळवलंय. तळी कोरडी आहे, पाहिलंत ते पाणी वाड्याने पाहुणचार म्हणून भरलं होतं, असं सरळ लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. मुलांच्या शिक्षणाचा वाटा ते परत मागणार नाहीत. डागडुजीचे पैसे मात्र थांबवलेत. पाणी असेल तर पुढचं बोलू, म्हणतात. सिमेंटचा विचार मी सोडला, घाबरू नका.

पण दादाचं ते एक वाक्य मला सोडत नाही. तिचंच पाणी. वर्गात शिकवताना मध्येच थांबतो. परवा मी मुलांना घेऊन सगळे नकाशे पुन्हा मांडले. खंदक तळीच्या खाली आहे. पण पंपाचा पाइप जिथे पाणी टाकतो तो उतार तळीच्या वर आहे, आणि तिथून ते पाणी पलीकडच्या ओहोळात जातं. ह्यापुढे मी काही लिहीत नाही. दादा रोज तिथे उभा असतो, मी नाही.

हे त्याला वाचून दाखवा. तो ऐकत नसला तरी वाचा. आणि सांगा की मी त्याच्यावर रागावलेलो नाही. मला तो अजूनही पाण्यातूनच वर येताना दिसतो, त्याला माझा इलाज नाही.

कृष्णनाथ

*

पाझवाडा,
पाडव्यानंतरचा मंगळवार

भावजी,

वाचून दाखवलं. हे ओसरीवर पाठ करून बसले होते. मी संपवलं, घडी घातली. मग म्हणाले, "पाइपाचें परत वाच." मी परत वाचलं. "परत." तिसऱ्यांदा वाचलं, तेव्हा म्हणाले, "पुरो," आणि चपला घालून निघाले.

खाणीवरच्या साहेबाला जाऊन विचारलं, पाणी ह्या बाजूला टाकलं तर चालेल का. साहेब म्हणाला, मला खंदक कोरडा हवा, पाणी तू स्वर्गात टाक. मग हे कुदळ घेऊन उतारावर. एकटेच. पहिल्या दिवशी वाड्यावरच्या माणसांनी लांबून बघितलं. दुसऱ्या दिवशी यशवंत आणि त्याचा भाऊ आपापली कुदळ घेऊन जाऊन उभे राहिले. आता सगळा वाडा तिथून तळीपर्यंतचा चर खणतोय, बायका टोपल्या भरतात, मीही भरते, आणि कंबर खरंच धरलीय.

पण एक अडचण आहे. पाणी चर खणला तिथवर आलं ते लाल भडक. तसंच आत सोडलं तर तळी गाळाने भरून जाईल, पाझांची तोंडं बुजतील. हे हिशेबाने म्हणाले की वाटेत पाणी कुठेतरी बसवायला पाहिजे, दम खायला, म्हणजे माती खाली राहील. कसं बांधायचं ते तुमच्या मुलांना येतं का विचारतात. येत असेल तर पाठवा. स्वतःहून त्यांनी तुमच्याकडे काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

चंद्रावती

*

पुणे,
२५ एप्रिल १९८९

वहिनी,

मुलं पोचली असतीलच. कमलाक्षीने दोन गाळकुंडं काढलीत, एकातून दुसऱ्यात पाणी सावकाश सांडेल अशी, चिऱ्याची आणि चुन्याची. नकाशा दादाला दाखवल्याशिवाय एक चिराही लावायचा नाही असं तिला सांगितलंय.

मी मात्र येऊ शकत नाही. जत्रेच्याच दिवसांत न्यासाने मुंबईला बोलावलंय. तुमचा चर आणि ही कुंडं त्यांना फार आवडलीत. पायऱ्यांच्या डागडुजीऐवजी ह्यालाच पैसे द्यावेत असं त्यांच्या मनात आहे. पण एका सभासदांनी शंका काढलीय, आणि ती खोटी नाही. त्यांचं म्हणणं असं की हे पाणी पंपावर अवलंबून आहे. उद्या खाण बंद झाली, पंप थांबला, तर तळीचं काय? बंद पडणाऱ्या गोष्टीला अनुदान कसं द्यायचं? दादाला विचारून पत्र मुंबईच्या पत्त्यावर टाका, पत्ता मागे आहे.

ह्या वर्षीही मी त्याला बघणार नाही.

कृष्णनाथ

*

पाझवाडा,
जत्रेच्या आदल्या दिवशी

भावजी,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे स्वतः लिहिणार आहेत. मला लिहू देत नाहीत. चौथीनंतर हातात लेखणी धरलेली नाही, तेव्हा मेजापाशी बसून घाम गाळतायत आणि मी बाजूला हे लिहून घेते.

पाणी आलं. दुसऱ्या कुंडातून सांडलं ते जवळजवळ स्वच्छ होतं, तळीत पडलं आणि आठवडाभरात हिरवं दिसायला लागलं. वरपर्यंत भरत नाही. जेवढं येतं तेवढं थोडं थोडं खाली झिरपतही जातं, खंदकात उतरतं, आणि हे परत वर पाठवतात. असं ते फिरत राहतं. खालच्या पायऱ्या मात्र बुडालेल्या आहेत. कासव आलेलं नाही. येईल.

काल रात्री मला काहीच स्वप्न पडलं नाही. लाकडासारखी झोपले. सकाळी पोदेराच्या भोंग्याने उठले आणि पाय न चाचपता सरळ तळीवर गेले.

बेत मी माळ्यावरून काढला नव्हता. आज पहाटे बघते तर माळ्यावर नाही. मग पायऱ्यांवर बायका गप्प झालेल्या दिसल्या, पण ह्या वेळच्या गप्पपणात माझ्याकडे बघून हसत होत्या. सगळ्या धोंडांच्या मागून, शेवटी, हे वर आले. पंचा ओला, बेत हातात. तुमच्या वाटणीचं मी बघून घेतलं, भावजी. डोळ्यांत मावेना तरी बघितलं. कमलाक्षी कागद घेऊन बसली होती पण तिने काही काढलं नाही, नुसती बघत राहिली.

आता हे घ्या, त्यांचं.

*किश्ना,*

*मुंबयच्या लोकांक सांग. पंप चालता तोपर्यंत उदक हांव पाठयतां. पंप बंद पडलो तर खंदक भरतलो आणि पाझ आपलो आपूण परत येतलो. दोनय वाटांनी तें तिचेंच.*

*आज तळयेंत न्हालों. उदक थंड आसा. तूं ये.*

*सगुण*